शेजारच्या दगडाला कळता कामा नये

वारा फार नव्हता. तरी चौथ्या ओळीतलं सातवं झाड आडवं झालं आणि मुकादम काका सकाळी सातला आमच्या दारात येऊन उभे राहिले. चहाही नको म्हणाले.

"चल जरा माझ्याबरोबर. उभं करून ठेवू. तपासणी पंधरा दिवसांवर आली, आडवं झाड काय दाखवायचं त्यांना?"

"उभं करून काय होणार? वाळलंय ते," आई आतून म्हणाली.

"वहिनी, वाळलेलं उभं झाडसुद्धा लांबून झाडच दिसतं."

 बाबा गेल्यापासून साडेतीन महिन्यांत आई काकांच्या विनोदांना हसायची थांबली होती. काका विनोद करायचे थांबले नव्हते.

आमच्या वस्तीमागे पूर्वी जंगल होतं. मी ते पाहिलेलं नाही. आईने लहानपणी त्यातून सरपण आणलेलं आहे. कंपनीने ते तोडलं, माती खरवडून बाजूला टाकली आणि एकतीस वर्षं खालचा काळा दगड काढला. बाबा त्या खाणीत मिस्त्री होते, काका मुकादम. मग कंपनी गेली. मागे राहिली ती तीन बाजूंनी कडे असलेली एक दगडी जमीन, फरशी घातल्यासारखी सपाट. जमीन खात्याने वस्तीशी करार केला: दहा वर्षांत इथे झाडं उभी करून दाखवा. दहाव्या वर्षी शंभरातली साठ जगलेली असली तर जमीन कायमची तुमची. चारा, सरपण, मध, खालच्या विहिरींचं पाणी, सगळं तुमचं. नाही जगली तर जमीन परत खात्याकडे, आणि खातं ती पुन्हा दगडासाठी देणार. सुरुंग लावायला बंदी होती. जे करायचं ते हाताने.

बाबांनी आणि त्यांच्या तेरा जोडीदारांनी तीन वर्षांत सहाशे बारा खड्डे खणले. सगळ्यांची छाती खाणीच्या धुळीने भरलेली, पण हात अजून चालत होते. मी तेव्हा कॉलेजात होते. सुट्टीत येऊन मातीच्या पाट्या वाहायचे. झाडं लागली, वाढली. सहाव्या वर्षी मधमाश्या आल्या तेव्हा बाबांनी मला फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "आल्या." आठव्या वर्षी शेंडे वाळायला लागले. बाबांना वाटलं कीड आहे. पाठीला पंप लावून ते ओळीन् ओळ फवारत राहिले. पंप उचलवेना तेव्हा डब्याने पाणी घालत राहिले. दवाखान्यात नाकाला नळी असताना त्यांनी मला विचारलेली शेवटची गोष्ट होती, "पाचव्या ओळीला फवारलं का?"

मी हो म्हणाले. फवारलं नव्हतं.

काकांनी आणि मी ते आडवं झाड दोन बाजूंनी धरलं. मी ताकद लावायच्या तयारीत होते, पण ते सहज वर आलं. साच्यातून वीट निघावी तसं मुळांसकट संपूर्ण बाहेर आलं. खाली मुळांचा एक चौकोनी ठोकळा होता. त्याला कोपरे होते, कडा होत्या. मुळं खड्ड्याच्या भिंतीला लागून गोल गोल फिरली होती, एकमेकांत विणली गेली होती, शेवटी एकमेकांचाच गळा आवळून वाळली होती. आणि त्या ठोकळ्याच्या बाजूंवर छिन्नीच्या तिरक्या, बारीक, एकसारख्या रेघांचे ठसे होते. कुणाचं अक्षर ओळखावं तशा मी त्या रेघा ओळखल्या.

"मुळं अशीच असतात," काका म्हणाले.

"नाही काका. मुळं बाहेर जातात."

"कुठे जाणार बाहेर? चारी बाजूंनी दगड आहे."

बोलून झाल्यावर ते थांबले. मग खाली बसले.

खाणीत बाबा नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत: दगड उठला पाहिजे, पण शेजारच्या दगडाला कळता कामा नये. कंपनीला मोठ्या, अखंड शिळा लागत. एक उचलताना शेजारचीला केसाएवढी भेग गेली तरी ती फुकट. सगळं कसब त्या न फुटण्यात होतं. खड्डे खणायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते कसब जसंच्या तसं तिथे आणलं. ओळंबा लावून सरळ भिंती, गुण्या लावून काटकोन, पावसाचं जास्तीचं पाणी वरून निघून जावं म्हणून एका काठाला कोरलेली नाळ. खड्डा झाला की बाबा आत उतरून चारी भिंतींवरून तळहात फिरवत. कुठे दगडाची मुळातलीच भेग लागली तर ती सिमेंटने बुजवून घेत, पाणी वाया जाऊ नये म्हणून. लांबलांबून लोक बघायला येत. इतके देखणे खड्डे कुणी पाहिले नव्हते.

त्यांनी सहाशे बारा दगडी कुंड्या कोरल्या होत्या. कुंडीत झाड वाढतं तेवढं वाढलं आणि मग थांबलं.

"कुणाला बोलू नकोस," काका उठता उठता म्हणाले. "मुदतवाढ मिळते एकदा. दहा वर्षांची. कारण सांगायचं आणि उपाय सांगायचा. कारण म्हणजे दोन वर्षं पाऊस कमी झाला. उपाय म्हणजे सहाशे रोपं येऊन पडलीत शेडमध्ये. खड्डे तर तयारच आहेत."

"त्याच खड्ड्यांत?"

"मग काय तुझ्या डोक्यावर लावू?" ते खेकसले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदाच खेकसले.

एक माणूस होता ज्याला बाबांनी कामावरून काढलं होतं. त्याला सगळे भूकंप म्हणत. त्याने घण मारला की तीन हातांवरचा दगडसुद्धा तडकायचा. पूर्वेच्या कडेला त्याने एकोणीस खड्डे खणले, आणि मग बाबांनी त्याला सगळ्यांसमोर घरी पाठवलं. त्या एकोणीस खड्ड्यांत बाबांनी झाडं लावू दिली, पण स्वतः कधी तिकडे फिरकले नाहीत. झाड उचललं त्या दुपारी मी तिकडे गेले. सहा खड्डे रिकामे होते. ती रोपं शेळ्यांनी पहिल्याच वर्षी खाल्ली होती. उरलेल्या तेरांना शेंड्यापर्यंत पानं होती. एका खड्ड्याच्या फुटक्या कडेतून बोटभर जाडीचं मूळ भेगेत शिरून पार दिसेनासं झालं होतं.

भूकंप आता चौकात पंक्चर काढतो. मी गेले तेव्हा तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता.

"मिस्त्रींची पोरगी ना तू? पंक्चर काढायला आलीस की भांडायला?"

"विचारायला आले. तुम्ही खड्डे कसे खणायचात?"

"घ्या! मला खणता येत नाही असं तुझ्या बापाने जाहीर केलंय. आणि तू मलाच विचारतेस?"

"तुमची झाडं हिरवी आहेत. तेराच्या तेरा."

त्याने ट्यूब सोडून दिली. ती पाण्यावर तरंगत राहिली. हात पुसायला त्याने उगाचच फार वेळ लावला.

"मधोमध मोठा घण घालायचा," तो शेवटी म्हणाला. "फुटेल ते उचलायचं. पुन्हा घालायचा. कसब कसलं त्यात? मिस्त्री म्हणायचे, हा खड्डा आहे का दरोडा?" तो स्वतःच हसला. मग हसणं गेलं. "त्या दिवशी मी रडलो होतो. तुला ठाऊक नसेल."

"ठाऊक आहे. मी तिथेच होते, पाटी घेऊन."

"हसली होतीस."

"हो."

एक सायकलवाला आला, हवा भरून गेला. तो गेल्यावर मी विचारलं, "सगळे खड्डे फोडायला लागतील. याल का?"

भूकंपने उजवा हात उचलून दाखवला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. "हा बघ खांदा. आणि खांदा असता तरी आलो नसतो. खोटं कशाला बोलू?"

घरी आई बाबांचा फवारणीचा पंप धूत होती. तो वस्तीचा होता, परत करायचा होता. मी तिला सगळं सांगितलं. ती नळी ब्रशने घासत राहिली.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"काकांना दिसलंच. भूकंपला विचारलं."

"म्हणजे वस्तीभर झालं."

"त्याने काही सांगितलं नसेल."

"चुका काढायचा पगार मिळतो ना तुला तिकडे? मग इथे कशाला फुकट काढतेस?" मी शहरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासते. वीस वर्षांचा असो की साठ वर्षांचा, कुणीही लिहिलेलं माझ्यासमोर येतं आणि मी त्यात काय चुकलंय तेवढंच शोधते. आईला हे काम कधीच आवडलं नव्हतं.

"आई, नवी रोपंही त्याच खड्ड्यांत जाणार आहेत. सात वर्षं वाढतील, मग वाळतील. तेव्हा लोक पुन्हा पावसाला बोल लावतील."

"सात वर्षांनी मी नसेन." तिने नळी झटकली. "ऐक. खाणीत त्यांनी जन्मभर दगड काढला. तो कुठे गेला, कुणाच्या जिन्याला लागला, कुणी विचारलं त्यांना? त्यांचं म्हणून राहिलं ते एवढंच. लोक रस्त्यात थांबून बोलायचे त्यांच्याशी. वाकून बोलायचे. धाप लागायची तरी ते उभे राहून उत्तर द्यायचे, मला दिसायचं दारातून. तेवढंच काढून घ्यायचं असेल तर घे बाई. तू शिकलेली आहेस."

मी पुढचे तेरा दिवस खड्ड्यांबद्दल कुणाशी काही बोलले नाही. रोज शेडमध्ये जाऊन रोपांना पाणी घालत होते. बायका येत, रोपांची पानं चाचपत, कोणती ओळ कुणाच्या घराकडे येईल यावर भांडत. काका त्यांना म्हणत, "आधी लावा तरी, मग जावाजावांसारख्या ओळी वाटून घ्या." सगळ्या हसत. मीही हसायचे.

तपासणीला एक बाई आल्या, बरोबर टेप घेतलेले दोन मदतनीस. बाई माझ्याच वयाच्या, उन्हाने रापलेल्या, बुटांना चिखल लागलेल्या. त्यांनी एकही झाड लांबून मोजलं नाही. प्रत्येकाची साल नखाने खरवडून बघितली. दुपारपर्यंत आकडा आला: सहाशे बारापैकी एकशे एकाहत्तर जिवंत. तोवर वस्तीतली चाळीस-पन्नास माणसं जमली होती. बाई एका उपड्या पेटीवर बसल्या आणि मांडीवर कागद घेतला.

"हे पुरेसं नाही, ते तुम्हालाही माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मुदतवाढीचा अर्ज आहे ना? कारण काय लिहू?"

"दुष्काळ, मॅडम," काका म्हणाले. "दोन वर्षं पाऊसच नाही धड."

"आणि उपाय?"

"सहाशे रोपं आणून ठेवलीत. परवापासून लावायला घेतो. खड्डे तयार आहेत."

बाईंनी शेजारच्या रिकाम्या खड्ड्यात डोकावून पाहिलं. "खड्डे मात्र फार सुंदर आहेत हो. असं काम मी कुठेच पाहिलं नाही."

"मिस्त्रींचं काम ते!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी गर्दी जराशी ताठ झाली. आईही आली होती. ती मागे, कड्याच्या सावलीत उभी होती. तिने पदर सारखा केला.

बाई लिहू लागल्या. कारणाच्या चौकटीत त्यांनी दोन शब्द लिहिले असतील. मला आठवतंय, मी त्यांच्या पेनाकडे बघत होते आणि त्या वेळी मला बाबांची आठवण आली नाही, आईचीही नाही. मला दिसत होती ती रोपं, काळ्या पिशव्यांतली, प्रत्येकाला सहा-सात पानं.

"ते खरं कारण नाही," मी म्हणाले.

काकांनी माझं मनगट धरलं. घट्ट नाही. नुसतं धरलं आणि सोडून दिलं.

चौथ्या ओळीतलं ते झाड काकांनी बाजूला फांद्यांखाली झाकून ठेवलं होतं. मी बाईंना तिथे नेलं. त्यांनी गुडघे टेकले, ठोकळ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, मग त्या तिरक्या रेघांवरून फिरवलं.  लोक भोवती दाटले होते. मुळं पाहिल्यावर कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. ती दगडातली माणसं होती.

"सगळीकडे असंच?"

"पूर्वेचे एकोणीस सोडून."

"खणले कुणी?"

"आम्ही चौदा जणांनी," काका पुढे होऊन म्हणाले. "चौदाही नावं लिहा, मॅडम. मी सांगतो एकेक."

"असे खणायचे, हे ठरवलं कुणी?"

काकांनी आईकडे वळून पाहिलं. बाई वाट पाहत होत्या. त्यांना उत्तर हवं होतं, एवढंच. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"माझ्या वडिलांनी," मी म्हणाले.

त्यांनी नाव विचारलं. मी संपूर्ण नाव सांगितलं. आडनाव कसं लिहायचं तेही सांगितलं, कारण लोक ते नेहमी चुकवतात.

मग बाईंनी विचारलं, की खड्डे फोडायला काय लागेल. यंत्र लागेल, नाही तर सुरुंग. दोन्हींना खाणपरवाना लागतो, आणि लागवडीच्या जमिनीला खाणपरवाना मिळत नाही. हाताने? चौदांपैकी पाच हयात होते. त्यांतले दोन चालत आले होते. तरणी माणसं सगळी बाहेरगावी कामाला होती. घण कसा धरायचा हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, कारण खाणीतून सुटका झाली याचाच सगळ्यांना आनंद होता.

बाईंनी पहिले दोन शब्द खोडले. "तुम्ही बोलला नसता तर मी मुदतवाढ लिहिणार होते," त्या मला म्हणाल्या. "आता उपाय शक्य नाही असंच लिहावं लागेल."

"आणि त्याच खड्ड्यांत लावून दहा वर्षांनी काय झालं असतं?"

"दहा वर्षांनी तपासायला दुसरं कुणीतरी आलं असतं."

जमीन सहा महिन्यांनी खात्याकडे जाईल असं त्यांनी वाचून दाखवलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, ती तेरा झाडं तरी आमची राहतील का? झाडं जमिनीबरोबर जातात, असं बाई म्हणाल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीत बसल्या.

गर्दी फुटली. कुणी मला मारायला धावलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. रोपांवरून सर्वांत जास्त भांडणारी शेजारीण तेवढी जवळून जाताना म्हणाली, "तुझं बरंय. तू उद्या गाडीत बसून जाशील." आई कधी निघून गेली ते मला दिसलं नाही. त्या संध्याकाळी तिने माझं ताट वाढलं आणि स्वतःचं घेऊन ओट्यावर बसली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलते, पण कामापुरतं: दूध संपलंय, दार लाव, तुझी चादर वाळली.

मी सुट्टी वाढवून घेतली. शेडमधली रोपं कुणी मागायला आलं नाही.

आठवड्याने खाणीतून ठोक्यांचा आवाज आला. मी गेले. काका पाचव्या ओळीत, अजून हिरव्या असलेल्या एका झाडाच्या कडेला बसले होते, समोर छिन्नी, हातोडा आणि कुठून तरी आणलेला घण. झाडाच्या एका बाजूची माती त्यांनी उकरून काढली होती. खड्ड्याची भिंत उघडी पडली होती.

"आता कशाला, काका?"

"बसून तरी काय करू?"

त्यांनी छिन्नी भिंतीला लावली, हातोडा मारला. दगडाची एक पातळ खपली सुटली, कागदासारखी स्वच्छ. मागचा दगड तसाच अखंड. त्यांनी पुन्हा मारला. पुन्हा खपली. त्यांनी छिन्नी तिरकी धरली, आडवी धरली, जोर बदलला. दर वेळी हात आपणच सरळ होत होता. दहा-बारा घावांनंतर भिंत होती त्याहून जास्त गुळगुळीत झाली होती.

"ऐकत नाही," ते हाताकडे बघत म्हणाले. "एकतीस वर्षं फोडायचं नाही म्हणून शिकवलं ह्याला." त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरायला वेळ लागला. मग त्यांनी घण माझ्याकडे सरकवला. "तू मार. तुला काही येत नाही."

मी घण उचलला. पहिला घाव निसटला, दांडा पोटरीला लागला. दुसरा बसला आणि झिणझिण्या दातांपर्यंत आल्या. दगडावर नुसता पांढरा ठिपका उमटला. मी मारत राहिले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे कडेचा एक टवका उडाला आणि त्याच्यामागे एक भेग दिसली, वीतभर, वेडीवाकडी. तिच्यात नख गेलं असतं, मूळ गेलं नसतं.

"पुढे," काका म्हणाले.

प्रत्येक घावाला ते तोंड फिरवून घेत होते. घाव बसला की पुन्हा बघत होते, आणि मी घण उचलला की पुन्हा तोंड फिरवत होते.